दाम, मोल आणि मान : पैशाच्या शब्दांचा एक पाठ





आपल्या वार्तापत्राच्या प्रत्येक अंकात एक अभ्यासलेख असतो. या अंकाची पाळी माझ्यावर आली आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, कॉलेजात हिंदी, बाजारात दखनी आणि शेजारी तेलुगू, असे हैदराबादच्या कितीतरी मराठी घरांत असते, तसेच आमच्याकडे होते. तेव्हा लिहिण्यात कोठे हिंदी वळण आले तर सांभाळून घ्यावे. विषय पैशाचा आहे. परंतु पालकांनी घाबरू नये, फी वाढीची सूचना या लेखात नाही. शेवटी फीविषयी दोन शब्द आहेत, ते मात्र सर्वांनी वाचावेत अशी विनंती.

एका नाण्यापासून सुरुवात

छंद प्रदर्शनात आठवीच्या एका मुलाने जुनी नाणी मांडली होती. त्यात त्याच्या पणजोबांचा चारमिनार कोरलेला हाली सिक्क्याचा रुपया होता आणि शेजारी एक पिवळसर परदेशी नाणे होते. त्याचा मामा आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. २००१ साली ग्रीसच्या पिरियस बंदरातून त्याने ते आणले होते. नाण्याच्या एका बाजूला सिकंदराचे चित्र, दुसऱ्या बाजूला सूर्यासारखी चांदणी, १०० हा आकडा आणि खाली सात अक्षरे.

मुले अक्षरे लावू लागली. पहिले अक्षर त्रिकोण. "बाई, हे तर भूमितीतले डेल्टा!" अगदी बरोबर, डेल्टा म्हणजे ग्रीक 'द'. दुसरे इंग्रजी 'पी'सारखे दिसते, पण ग्रीकमध्ये तो 'र' आहे. चौथे अक्षर गुणाकाराच्या खुणेसारखे, त्याचा उच्चार 'ख'. जोडता जोडता शब्द निघाला, 'द्राख्मेस'. एक असेल तर द्राख्मी, अनेक असतील तर द्राख्मेस. गणिताच्या तासाला ज्या अक्षरांना मुले भितात, त्यांनीच येथे वाट दाखवली.

मग मामाला फोन झाला. त्याने पैसा, भाव, खर्च, फी, बँक अशा रोजच्या इंग्रजी शब्दांना ग्रीक लोक काय म्हणतात, त्याची यादी देवनागरीत लिहून पाठवली. ती यादी मी वर्गात फळ्यावर लिहिली आणि समोर मराठी शब्द लिहायला सांगितले. कॉस्ट, प्राइस, व्हॅल्यू, वर्थ या चारही शब्दांपुढे बहुतेक मुलांनी एकच शब्द लिहिला, 'किंमत'. तेव्हा मला वाटले की या विषयावर एक पाठ व्हायला हवा.

द्राख्मीचा दाम

ग्रीक भाषेत 'द्राख्मी' या शब्दाचा मूळ अर्थ 'मूठभर' असा आहे. फार पूर्वी त्यांच्याकडे लोखंडी सळ्या पैशासारख्या वापरत. सहा सळ्या एका मुठीत मावत, म्हणून सहांची मिळून एक द्राख्मी. पुढे त्याच नावाचे चांदीचे नाणे झाले.

हे नाणे सिकंदराच्या नंतर राज्य करणाऱ्या ग्रीक राजांबरोबर भारताच्या वायव्येला रुजले. त्यांतला मिनँडर आपल्याकडे मिलिंद नावाने ओळखला जातो. या राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला प्राकृत लेख असे. म्हणजे दोन भाषांत पैशाची ओळख देण्याची पद्धत आपल्या देशात दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

यानंतर एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत समुद्रप्रवासाची एक माहितीपुस्तिका लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. तिच्यात भडोच बंदराचे वर्णन आहे आणि मिनँडर राजाच्या जुन्या द्राख्मी तेथे अजून चालतात, अशी नोंद आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर 'पैठाण' आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' ही बाजारपेठ असल्याचेही त्यात आहे. पैठाण म्हणजे आपले पैठण आणि तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. हैदराबादची किती मराठी घराणी मराठवाड्यातून इकडे आली! आजी-आजोबांच्या तोंडी ज्या गावांची नावे असतात, त्यांतली दोन नावे एका ग्रीक पुस्तकात आहेत, ती कापडाच्या आणि पैशाच्या व्यापारामुळे.

द्राख्मीचे संस्कृतात 'द्रम्म' झाले, प्राकृतात 'दम्म' आणि पुढे आपल्या भाषांत 'दाम'. भास्कराचार्यांची 'लीलावती' हा आपल्या गणिताचा मानबिंदू आहे. इ. स. ११५० च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. लीलावतीच्या सुरुवातीलाच पैशाचे कोष्टक दिले आहे :

२० कवड्या = १ काकिणी
४ काकिणी = १ पण
१६ पण = १ द्रम्म
१६ द्रम्म = १ निष्क

म्हणजे एका द्रम्माच्या कवड्या १२८०. ग्रीक मुठीतले नाणे खानदेशच्या गणितात असे बसले. अकबराच्या काळात 'दाम' हे तांब्याचे नाणे होते आणि ४० दामांचा एक रुपया होत असे. चांदीचा दाम तांब्याचा झाला, त्याहून लहान झाली ती दमडी, आणि 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' या म्हणीत ती अजून टिकून आहे. जुन्या हिंदू कायद्यात सावकाराला एका वेळी मुदलापेक्षा जास्त व्याज मागता येत नसे, त्या नियमाचे नाव दामदुप्पट. आज ठेवींच्या जाहिरातींत हाच शब्द आनंदाने वापरतात. पूर्वी तो कर्जदाराचे रक्षण करणारा होता, हे विसरू नये.

येथे एक सावधगिरी सांगते. 'साम, दाम, दंड, भेद' असे आपण म्हणतो, तेथे मूळ संस्कृत शब्द 'दान' आहे. दाम तेथे मागाहून शिरला. कानाला सारखे लागले म्हणून शब्दाचे कूळ एक धरू नये.

तोच द्राख्मी शब्द अरबीत 'दिरहम' झाला. आपल्या शहरातल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी दुबई-अबुधाबीला नोकरीस असते. महिन्याच्या महिन्याला घरी येणारे दिरहम आणि आजीच्या तोंडातला दाम हे एकाच कुळातले आहेत. गंमत अशी की ज्या देशाचा हा शब्द, त्या ग्रीसमधून तो गेला. २००२ च्या आरंभी तेथे युरोच्या नोटा आणि नाणी आली. ३४०.७५ द्राख्मी म्हणजे एक युरो, असा दर ठरला होता. प्रदर्शनातले ते नाणे आता फक्त संग्रहात ठेवायचे.

चालते ते नाणे

नाण्याला ग्रीकमध्ये 'नोमिस्मा' म्हणतात. त्यात 'नोमोस', म्हणजे कायदा किंवा रूढी, हा शब्द आहे. नाणे हे निसर्गाने मौल्यवान नसते, माणसांनी तसे ठरवलेले असते, असे अ‍ॅरिस्टॉटलने या शब्दावरून सांगितले आहे. हैदराबादच्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे निजामाचा 'हाली सिक्का' चालत होता. हाली म्हणजे सध्याचा, चालू. इंग्रजी रुपयाला आपले लोक 'कलदार' म्हणत. सर्वसाधारणपणे सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता. नांदेडहून लग्न होऊन आलेली माझी आजी अखेरपर्यंत 'कलदार की हाली?' असे गमतीने विचारायची. हाली सिक्का १९५९ मध्ये चलनातून पूर्ण गेला. 'हाली' नावाचे नाणे काल-परवाचे झाले! नोव्हेंबर २०१६ मध्ये एका रात्रीत पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटांचे काय झाले, ते तर पालकांनी स्वतः रांगेत उभे राहून पाहिले आहे. नोमिस्मा शब्दाचा अर्थ त्या रांगेत सर्वांना कळला.

सर्व भाषांचे एकच चित्र

आता मामाच्या यादीतले काही शब्द पाहू. ग्रीक, अरबी, संस्कृत या निरनिराळ्या भाषा, परंतु पैशाविषयी बोलताना त्यांच्या मनातले चित्र किती वेळा सारखे आहे, ते बघा.

खर्च. ग्रीकमध्ये खर्चाला 'एक्सोदा' म्हणतात. 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'ओदोस' म्हणजे रस्ता. जे बाहेरच्या रस्त्याने गेले ते एक्सोदा, जे आतल्या रस्त्याने आले ते 'एसोदा', म्हणजे उत्पन्न. आपला 'खर्च' मूळ अरबी धातूवरून आला, त्याचा अर्थही 'बाहेर पडणे' असाच आहे. कोर्टात दावा 'खारीज' होतो, म्हणजे बाहेर टाकला जातो, तोही याच धातूचा. संस्कृतात 'आय' म्हणजे येणे आणि 'व्यय' म्हणजे निघून जाणे. व्याकरणात तुम्ही अव्यय शिकता, ज्यात घट किंवा बदल होत नाही ते. मराठी दुकानदाराची आवक-जावक तर उघडच आहे. पैसा म्हणजे घरी आलेला पाहुणा, दाराने येतो आणि दाराने जातो. कोणत्या दाराने गेला हे लिहून ठेवणे म्हणजे हिशेब.

बँक. ग्रीक लोक बँकेला 'त्रापेझा' म्हणतात. त्याचा साधा अर्थ टेबल. सराफ बाजारात टेबल मांडून नाणी बदलून देत, त्यावरून हे नाव पडले. 'बँक' हा शब्द इटालियन आहे, त्याचा अर्थ बाक. आणि आपली 'पेढी'? ती संस्कृत 'पीठिका', म्हणजे बसण्याची बैठक. एकाने टेबल पाहिले, दुसऱ्याने बाक, तिसऱ्याने गादी. १९४१ मध्ये स्थापन झालेली आपली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. तिच्या काउंटरवर उभे राहताना आपण एका फार जुन्या टेबलासमोर उभे होतो.

व्याज. याला ग्रीक शब्द 'तोकोस', म्हणजे जन्म, अपत्य. पैशाने पैशाला जन्म दिला ते व्याज. अ‍ॅरिस्टॉटलला ही गोष्ट पसंत नव्हती. निर्जीव पैशाला मूल कसे होते, असा त्याचा आक्षेप. आमच्या हिंदीत नातवंडांविषयी म्हणतात, 'मूल से ब्याज प्यारा'. म्हणजे मुलगा मुद्दल आणि नातू व्याज. मराठीत आपण दुधापेक्षा दुधावरची साय म्हणतो. ग्रीक शब्द ऐकला तेव्हा मला ही हिंदी म्हण आठवली आणि हसू आले. संस्कृतात व्याजाला 'वृद्धि' असाही शब्द आहे. त्याचे प्राकृतात 'वढि' झाले, तेलुगूत 'वड्डी' झाले आणि मराठी खेड्यात धान्य उसने देण्याच्या व्यवहाराला 'वाढीदिढी' म्हणत. आपल्या गल्लीतल्या 'वड्डी'ने पैसे देणाऱ्या माणसाच्या तोंडी दोन हजार वर्षांचा शब्द आहे.

फी. शिकवणीच्या फीला ग्रीकमध्ये वेगळाच शब्द आहे, 'दिदाक्त्रा', म्हणजे शिकवण्याबद्दल द्यायचे ते. इंग्रजी 'फी'च्या मुळाशी गुरेढोरे आहेत. जुन्या काळी गाई-गुरे हेच धन होते, जसे आपले गोधन. आपल्या 'शुल्क' शब्दात जकातीचा वास आहे आणि 'दक्षिणा' शब्दात आदराचा. एकच रक्कम, पण ती कोणत्या शब्दाने मागतो त्यावर देणाऱ्याचे मन ठरते.

फुकट. ग्रीक शब्द 'दोरेआन'. त्यात 'दोरो', म्हणजे भेट, हा शब्द आहे आणि तो आपल्या 'दान' शब्दाचा सख्खा भाऊ आहे. फुकट म्हटले की कमीपणा येतो, भेट म्हटले की येत नाही.

किंमत आणि मान

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळते.

वस्तूच्या भावाला ग्रीक लोक 'तिमी' म्हणतात. भाजीचा भाव, बसचे भाडे, पुस्तकाची छापील किंमत, सर्व तिमी. परंतु याच शब्दाचा दुसरा अर्थ 'सन्मान' आहे. पाहुणा घरी आला तर 'ही आमच्यासाठी मोठी तिमी आहे' असे ग्रीक माणूस म्हणतो. भाव आणि मान यांना एकच शब्द! आणि 'महाग' या अर्थाचा त्यांचा 'अक्रिवोस' हा शब्द 'जिवाचा, लाडका' याही अर्थाने चालतो.

वर्गात मुलांना हे विचित्र वाटले. मग मी 'महाग' शब्द फळ्यावर लिहिला. तो 'महार्घ' या संस्कृत शब्दापासून आला. महा म्हणजे मोठे आणि अर्घ म्हणजे मोल. आणि संध्याकाळी सूर्याला, दारी आलेल्या पाहुण्याला जे देतात ते 'अर्घ्य', तेही याच 'अर्घ' शब्दाचे. म्हणजे आपल्याकडेही मोल आणि मान एकाच घरात राहतात. 'किंमत' हा अरबी शब्द आपण उसना घेतला, पण त्यालाही तेच शिकवले. 'टोमॅटोची किंमत वाढली' असे आपण म्हणतो, आणि 'त्या घरात तिला काही किंमत नाही' असेही म्हणतो. मोलमजुरीतला मोल वेगळा आणि अनमोल शब्दातला मोल वेगळा.

म्हणून कॉस्ट, प्राइस आणि व्हॅल्यू या तिन्हींना डोळे मिटून किंमत लिहू नये. वस्तू तयार करायला जे लागले तो खर्च, बाजारात जे मागतात तो भाव, आणि आपल्या मनात तिचे जे स्थान आहे ते मोल. ग्रीकमध्येही यांना कोस्तोस, तिमी आणि अक्सिया असे तीन निरनिराळे शब्द आहेत. वहीचा खर्च वीस रुपये, भाव तीस रुपये असेल, पण तीत आजोबांनी हिशेब लिहिला असेल तर मोल सांगता येणार नाही.

माझ्याकडून झालेली चूक

आता विश्वस्तांनी आणि पालकांनी लक्ष द्यावे, ही विनंती.

गेल्या वर्षी दुसऱ्या सत्रात फीची थकबाकी बरीच वाढली होती. शिक्षकांचे पगार वेळेवर व्हायला हवेत, विजेचे बिल थांबत नाही. कार्यालयाने थकबाकीची यादी दिली. ती प्रत्येक वर्गात वाचून दाखवावी, अशी सूचना मी काढली. सही माझी होती. दुसऱ्या कोणावर मी हे टाकत नाही.

तीन दिवसांनी सातवीतल्या एका मुलीचे वडील आले. ते ऑटो चालवतात. पाकिटात पूर्ण रक्कम होती, बहुतेक दहा-वीसच्या नोटा. त्यांनी पावती घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि उठताना म्हणाले, "बाई, फी तर भरायचीच होती. उशीर झाला ही माझी गलती. पण पोरीचं नाव वर्गात वाचलं. आता ती म्हणते, बाबा, आपली किंमत गेली."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरे वाटले असते. ती मुलगी त्या आठवड्यात शाळेत आली नाही. आली तेव्हा ती मागच्या बाकावर जाऊन बसली. वर्षअखेरपर्यंत तिने स्वतःहून हात वर केला नाही, असे तिच्या वर्गशिक्षिकेने मला सांगितले. त्या थकबाकीची रक्कम कार्यालयाच्या वहीत जमा आहे. त्या बंद झालेल्या हाताची नोंद कोणत्या वहीत करावी, ते मला कळत नाही.

म्हणून आठवीच्या मुलांनी फळ्यावर 'तिमी' शब्दाचे दोन अर्थ लिहिले, तेव्हा मी थोडा वेळ गप्प होते. एका यादीत मी भाव वसूल केला होता आणि मान काढून घेतला होता. दोन्ही एकाच शब्दात असतात, हे मी ग्रीक शिकण्याच्या आधी समजायला हवे होते.

त्या मुलीला मी कार्यालयात बोलावले नाही. मी तिच्या घरी गेले, तिच्या आईवडिलांसमोर तिची माफी मागितली आणि चहा घेऊन आले.

नाशिकच्या लेण्यातला धडा

चूक कबूल करून थांबणे पुरेसे नाही. उपायही सांगितला पाहिजे, आणि तो मला एका शिलालेखात सापडला.

नाशिकजवळ पांडवलेणी आहेत. त्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. या नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरेही असत. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे अशी तेरा हजारांहून अधिक नाणी एका ठिकाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर आपल्या गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारला होता.

उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण दान दिले. परंतु ते हातात वाटले नाहीत, विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त 'वढि' वापरायची. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. आता हिशेब करा. २००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. लेखात म्हटले आहे की पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत. २० गुणिले १२ म्हणजे बरोबर २४०! दगडातला हिशेब इतक्या शतकांनंतरही जुळतो.

यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वस्त्र घेणाऱ्या भिक्षूला कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता. व्यवस्थाच अशी होती की मदत मिळे आणि मान राही.

आपल्या शाळेत माजी विद्यार्थ्यांनी आणि जुन्या घराण्यांनी ठेवलेल्या बक्षिसांच्या ठेवी आहेत, त्याही एक प्रकारे अक्षयनीवीच आहेत. त्यांच्या व्याजातून पहिल्या येणाऱ्यांचा सत्कार होतो, तो व्हावाच. परंतु फी भरताना अडलेल्या मुलांसाठी अशी एकही ठेव नाही. समजा, एक लाख रुपयांची ठेव ठेवली आणि वर्षाला शेकडा सात व्याज मिळाले, तर सात हजार रुपये दरवर्षी हाती येतात. रक्कम मोठी नाही. पण कोणाच्या सत्राची अडलेली फी त्यातून भरता येते आणि मुद्दल तसेच राहते. ज्याला नंतर जमेल तो ती परत करील.

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, थकबाकीची यादी कोणत्याही वर्गात वाचू नये, फळ्यावर किंवा सूचनाफलकावर लावू नये. ही गोष्ट मी माझ्या अधिकारात आजपासूनच बंद केली आहे, मंडळाने ती नियमात लिहावी. दोन, फीची आठवण बंद पाकिटातून आणि फक्त पालकांना द्यावी. तीन, विद्यार्थी साहाय्य ठेव सुरू करावी आणि तिचा लाभ कोणी घेतला, ते फक्त मुख्याध्यापक आणि कोषाध्यक्ष यांनाच ठाऊक असावे. या ठेवीत माझा एका महिन्याचा पगार पहिला असेल.

पालकांनाही एक सांगणे आहे. फी वेळेवर भरणे हाही शाळेचा मान आहे. अडचण असेल तर उशीर होण्याआधी येऊन सांगावे. सांगण्यात कमीपणा नाही.

स्वाध्याय

१. एका कृपणाने याचकाला एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाच्या तीन-चतुर्थांशाच्या एक-पंचमांशाच्या एक-षोडशांशाचा चौथा भाग दिला. त्याने किती कवड्या दिल्या? (लीलावतीतले हे प्रसिद्ध गणित आहे. उत्तर आले की 'कवडीमोल' शब्दाचा अर्थ कळेल.)

२. सात हाली म्हणजे सहा कलदार, तर ८४ कलदार रुपयांचे हाली किती?

३. उषवदाताच्या १००० कार्षापणांच्या दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे व्याज काढा.

४. घरातल्या वडील माणसांना विचारून चवली, पावली, अधेली, ढब्बू पैसा यांचे अर्थ लिहा. तेलुगूत पैशाला 'डब्बुलु' म्हणतात, त्याच्याशी यांतला कोणता शब्द जुळतो?

५. 'किंमत' हा शब्द भाव या अर्थी आणि मान या अर्थी वापरून दोन वाक्ये लिहा. दुसरे वाक्य आपल्या वर्गातल्या कोणाविषयी असेल तर ते चांगलेच लिहा.

उत्तरे वहीत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पाचव्या प्रश्नाची वाक्ये मी स्वतः वाचणार आहे.

आपली,
मुख्याध्यापिका